ज्योत परीक्षेचा तयार संच : दोन वर्षे वापरल्यानंतरचे परीक्षण

अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांत क्षाराचे विश्लेषण येते, तेव्हा ज्योत परीक्षा, म्हणजे क्षार ज्योतीत धरून येणाऱ्या रंगावरून त्यातला धातू ओळखणे, ही बहुतेक विद्यार्थ्यांच्या लेखी जर्नलमधली एक ओळ असते : निरीक्षण ‘ब्रिक रेड’, अनुमान ‘कॅल्शियम असावे’. ज्योतीत खरोखर काय दिसले, ते आठवडाभरही कोणाच्या लक्षात राहत नाही. मी तालुक्याच्या गावातील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. एका तुकडीत वीस-बावीस विद्यार्थी, चालू स्थितीतले सहा बर्नर आणि मोजून चार नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या) तारा असा आमच्या प्रयोगशाळेचा संसार असल्याने, हा प्रयोग सर्वांना एकत्र, अंधाऱ्या खोलीत आणि सावकाश दाखवता यावा म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ‘फ्लेम टेस्ट किट’ या नावाने विकला जाणारा संच ऑनलाइन मागवला. दोन शैक्षणिक वर्षांत तो नऊ तुकड्यांसाठी वापरून झाला आहे. तेवढ्या अनुभवावर हे परीक्षण लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव लिहीत नाही, कारण हाच खोका, याच पत्रकासह, निदान तीन वेगवेगळ्या लेबलांखाली विकला जाताना मी पाहिला आहे. त्यामुळे नावापेक्षा आतील वस्तूंची ओळख खरेदीदाराच्या अधिक उपयोगी पडेल.

खोक्यात लिथियम, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि तांबे यांची क्लोराइडे आणि बोरिक आम्ल अशा आठ बाटल्या आहेत. प्रत्येक बाटलीत दहा ग्रॅम पदार्थ भरतो. त्यांच्याबरोबर काचेच्या मुठीत बसवलेल्या नायक्रोमच्या तीन तारा, निळ्या काचेची एक चकती, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली विवर्तन जाळी, म्हणजे ज्याला सगळे ‘ग्रेटिंग’ म्हणतात ती प्रकाशातले रंग वेगळे करणारी पारदर्शक पट्टी, चिनी मातीच्या आठ लहान वाट्या, रंगांचा छापील तक्ता आणि चार पानी पत्रक मिळते. मला हे सगळे घरपोच दोन हजार चारशे रुपयांना पडले. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत तारा, रंगीत तक्ता आणि वाट्यांतून पेटलेल्या इंद्रधनुष्याचे छायाचित्र होते. ग्रेटिंगचा उल्लेख ‘इतर साहित्य’ या शब्दांत उरकलेला होता. दोन वर्षांनंतर माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे : ज्या गोष्टींची जाहिरात केली आहे त्या बाजूला ठेवाव्यात आणि कोपऱ्यात टाकलेली ती पुठ्ठ्याची चौकट आणि क्षार यांच्यासाठीच हा संच घ्यावा.

सुरुवात तारांपासून करतो, कारण निराशेची सुरुवातही तिथूनच झाली. पहिल्याच तासाला तीनपैकी एका तारेची मूठ तडकली, दुसऱ्या आठवड्यात दुसरीची. आमचे प्रयोगशाळा परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले, “सर, पोरांनी आपटली असणार.” पोरांचा काहीच दोष नव्हता. जुन्या पुस्तकांत ज्योत परीक्षेसाठी प्लॅटिनमची तार सांगितलेली असते आणि ती काचेच्या दांडीत वितळवून बसवलेली असते. तापल्यावर प्लॅटिनम आणि साधी सोडा काच जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून तो सांधा वर्षानुवर्षे टिकतो. नायक्रोम त्याहून बराच जास्त प्रसरण पावतो. त्यामुळे चार-सहा वेळा तापून निवले की काचेला चीर जाते. प्लॅटिनम परवडत नाही म्हणून निर्मात्याने तार बदलली, पण मूठ मात्र जुन्या चित्रातलीच ठेवली. लाकडी किंवा धातूच्या पकडीत तार धरणारी साधी मूठ दिली असती तर खर्चही कमी आला असता. शिवाय तार गरजेपेक्षा जाड आहे. ती स्वतःच लालबुंद होते आणि पोटॅशियमसारख्या मवाळ रंगाच्या शेजारी तिची लाली डोळ्यांत भरते. तार प्रत्येक वेळी संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत तापवावी लागते. हे तापवणे-बुडवणे करताना निम्मा तास जातो आणि खोलीत आम्लाची वाफ कोंदते ती वेगळीच.

तारेऐवजी आम्ही आता लाकडी काड्या वापरतो. कुल्फीच्या किंवा आइस्क्रीमच्या सपाट काड्या आदल्या दिवशी शुद्ध पाण्यात भिजत घालाव्यात, ते पाणी फेकून द्यावे आणि मग काड्या रात्रभर क्षाराच्या द्रावणात ठेवाव्यात. शुद्ध पाण्यासाठी गॅरेजमध्ये मिळणारे बॅटरीचे पाणी चांगले चालते. नळाचे चालत नाही, ते का चालत नाही हे पुढे येईलच. पन्नास मिलिलिटर द्रावणासाठी लिथियम क्लोराइड दोन ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड पावणेचार ग्रॅम, स्ट्रॉन्शियम क्लोराइडचे स्फटिक साधारण पावणेसात ग्रॅम एवढे पुरते, म्हणजे संचातल्या दहा ग्रॅमच्या बाटलीत एका वर्षाचे काम भागते. ओली काडी बर्नरच्या निळ्या ज्योतीच्या कडेला धरली की आठ-दहा सेकंद स्वच्छ रंग मिळतो. पाणी आटून लाकूड पेटू लागले की ज्योत पिवळी होते, तेव्हा काडी लगेच काढून पाण्याच्या भांड्यात टाकायची. एका काडीचा खर्च काही पैशांत जातो आणि बावीस विद्यार्थ्यांना बावीस काड्या देता येतात.

आता क्षारांविषयी. लिथियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि तांबे यांच्या बाटल्यांबद्दल माझी तक्रार नाही. क्लोराइडे दिली आहेत हेही योग्यच आहे, कारण ती ज्योतीच्या तापमानाला सहज वाफ होतात; प्रात्यक्षिकात क्षाराचा लगदा करताना हायड्रोक्लोरिक आम्ल घालण्यामागेही हेच कारण असते. लिथियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतली आर्द्रता ओढून घेतात, ही गोष्ट मात्र बाटलीच्या झाकणाची निवड करणाऱ्याला कोणी सांगितलेली दिसत नाही. पहिल्याच पावसाळ्यात कॅल्शियम क्लोराइडची बाटली उघडली तेव्हा आत खडे नव्हते, तळाला पाणी होते आणि लेबल अर्धे सुटून शेजारच्या बाटलीला चिकटले होते. आता आम्ही या दोन बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. द्रावणच करायचे असल्याने ओलसर क्षारही वाया जात नाही, फक्त वजन करण्याला अर्थ राहत नाही.

खरी अडचण पोटॅशियमची निघाली. संचातील पोटॅशियम क्लोराइडची काडी ज्योतीत धरली की सुरुवातीला ढळढळीत पिवळा रंग येई आणि जांभळी छटा शोधावी लागे. शंका आली म्हणून आमच्या कपाटातील विश्लेषणासाठीच्या शुद्ध दर्जाचे पोटॅशियम क्लोराइड तशाच काडीवर घेऊन पाहिले. पिवळेपणा बराच कमी झाला. संचातल्या बाटलीवर शुद्धतेचा दर्जा लिहिलेलाच नाही. सोडियमचा अंश इतर कोणत्याही परीक्षेत दुर्लक्षिता येईल, पण इथे नाही, कारण ज्योतीइतका सोडियमचा चुगलखोर दुसरा कोणी नसेल. जर्मनीतील हायडलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किरचॉफ यांनी १८६० च्या आपल्या निबंधात सांगितलेला प्रयोग मी वर्गात नेहमी सांगतो : खोलीच्या एका कोपऱ्यात त्यांनी तीन मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुग्धशर्करेबरोबर पेटवून उडवले आणि दूरच्या ज्योतीत वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, थोड्याच वेळात सोडियमची पिवळी रेषा उजळलेली पाहिली. खोलीच्या आकारमानावरून त्यांनी हिशेब मांडला, तो असा की एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागापेक्षाही कमी सोडियम ज्योतीत ओळखता येते. घामेजलेल्या बोटांनी धरलेली काडी, नळाचे पाणी, फळ्यावरून उडालेली धूळ या सगळ्यांत त्याहून कितीतरी अधिक सोडियम असते. घरी भाताची खारट पेज किंवा वरण उतू गेले की गॅसची निळी ज्योत क्षणात पिवळी होते, ते सर्वांनी पाहिलेले असते. विद्यार्थ्यांना एवढी आठवण करून दिली की पोटॅशियमच्या आधी हात धुण्याची सक्ती त्यांना जाच वाटत नाही.

पोटॅशियमचा रंग मुळातच दुबळा का, हेही इथेच सांगून टाकावे. त्याच्या प्रकाशातल्या दोन ठळक रेषा ७६६.५ आणि ७६९.९ नॅनोमीटर तरंगलांबीवर, म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या गडद तांबड्या टोकाला आहेत, आणि दुसरी जोडी ४०४ नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्या टोकाला. दोन टोकांची सरमिसळ आपल्याला फिकट जांभळी दिसते. उलट सोडियमची जोडी ५८९.० आणि ५८९.६ वर, जिथे डोळा चांगलाच संवेदनशील असतो. सामना असा विषम असल्यामुळे पिवळा गाळून टाकणारी कोबाल्ट काच लागते. आमच्या संचात आलेली चकती हाताला फार हलकी लागली. साध्या तंतूच्या दिव्याकडे कोबाल्ट काचेतून पाहिले तर तो जांभळट-गुलाबी दिसायला हवा, कारण ही काच निळ्याबरोबर टोकाचा तांबडाही सोडते. आमच्या चकतीतून दिवा नुसता निळा दिसला. ती काच नव्हतीच, निळे ॲक्रिलिक होते. म्हणजे पिवळ्याबरोबर पोटॅशियमचा तांबडा भागही तिने अडवला. विक्रेत्याला छायाचित्रांसह लिहिले. पहिल्या उत्तरात ‘वापराच्या सूचना पुन्हा वाचा’ असे सांगण्यात आले, दुसऱ्या पत्राला उत्तर आले नाही, तिसऱ्यानंतर, साधारण तीन आठवड्यांनी, खरी काच पोहोचली आणि तिचे वेगळे पैसे घेतले नाहीत. अशी दिव्याची परीक्षा खोका उघडल्या दिवशीच करून घ्यावी. परत पाठवण्याची मुदत संपल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

रंगांच्या तक्त्यावर अधिक लिहिण्याजोगे नाही. तो काढून ठेवावा. छपाईत लिथियम आणि स्ट्रॉन्शियम एकाच शाईचे आले आहेत आणि बेरियम पालकासारखा गडद हिरवा. तसाही छापील रंग आणि पेटलेल्या वायूचा रंग यांची तुलना होत नाही. मला खटकते ती तक्त्यावरची आणि पाठ्यपुस्तकांतून आलेली रंगांची परकी नावे. बेरियमला ‘ॲपल ग्रीन’ म्हटले आहे. आमच्या बाजारात सफरचंद लालच येते, म्हणून दरवर्षी एखादा विद्यार्थी प्रामाणिकपणे गोंधळतो. ‘पोपटी’ म्हटले की प्रश्न मिटतो. ‘क्रिमसन’साठी आपल्याकडे ‘किरमिजी’ हा नेमका शब्द आहे. ‘ब्रिक रेड’चे ‘विटकरी’ होते खरे, पण कॅल्शियमची ज्योत विटेसारखी दिसते असे मला कधीच वाटले नाही. ती अबोलीच्या फुलाला जवळची आहे. मी विद्यार्थ्यांना सांगतो की आधी स्वतःच्या शब्दांत रंग लिहा आणि शेजारी परीक्षकांना अपेक्षित असलेला शब्द लिहा. मागच्या वर्षी एका मुलीने तांब्याच्या ज्योतीसाठी ‘मोराच्या मानेचा, कडेला मोरचुदासारखा’ असे लिहिले. हे निरीक्षण तक्त्यापेक्षा अचूक आहे, कारण तांब्याच्या क्लोराइडच्या ज्योतीत निळा आणि हिरवा असे दोन भाग खरोखरच वेगळे दिसतात. निळा भाग तांबे-क्लोरीनच्या रेणूंचा आणि हिरवा तांब्याच्या हायड्रॉक्साइडचा.

आता त्या दुर्लक्षित पुठ्ठ्याच्या चौकटीकडे येतो. ग्रेटिंगवर ‘५०० रेषा प्रति मिलिमीटर’ एवढेच छापले आहे आणि पत्रकात तिच्यासाठी दोन ओळी खर्च केल्या आहेत. आम्ही बर्नरच्या शेजारी मीटरपट्टी आडवी ठेवतो, अशी की तिचा शून्य ज्योतीच्या रेषेत येईल, आणि विद्यार्थी पट्टीपासून बरोबर एक मीटर अंतरावर बसून ग्रेटिंग डोळ्याला लावतो. खोलीत अंधार, पंखे बंद. सोडियमची काडी ज्योतीत धरली की खऱ्या ज्योतीच्या बाजूला, पट्टीवर ३१ सेंटिमीटरपाशी, तिची हुबेहूब पिवळी प्रतिमा उभी राहते; टोकाच्या फडफडीसकट. लिथियम घेतले की तांबडी ज्योत ३६ सेंटिमीटरच्या आसपास सरकते. ५०० रेषा म्हणजे दोन रेषांमधले अंतर २००० नॅनोमीटर. पट्टीवरच्या आकड्यावरून कोन, कोनाच्या ज्येला (साइनला) २००० ने गुणले की तरंगलांबी, एवढे त्रिकोणमितीचे गणित अकरावीच्या मुलांना येते. सोडियमसाठी आमच्या एका तुकडीची सरासरी ५९२ आली. दीडशे रुपयांचीही नसेल अशा पट्टीतून ५८९ च्या इतके जवळ जाता येते, हे पाहून मीच थोडा चकित झालो.

यातला सर्वांत मोलाचा क्षण स्ट्रॉन्शियमचा असतो. नुसत्या डोळ्यांना लिथियम आणि स्ट्रॉन्शियम दोन्ही किरमिजी. तोंडी परीक्षेत तर विद्यार्थी ठोकून देतात. ग्रेटिंगमधून मात्र लिथियमची एकच स्वच्छ तांबडी ज्योत दिसते, तर स्ट्रॉन्शियमच्या नारिंगी आणि तांबड्या ज्योती एकमेकींवर रेलून गर्दी करतात आणि त्यांच्यापासून लांब, २४ सेंटिमीटरपाशी, एक बारीक निळी ज्योत एकटीच उभी असते. ती ४६०.७ नॅनोमीटरची, खुद्द स्ट्रॉन्शियमच्या अणूची रेषा. गर्दी करणारे तांबडे पट्टे मुख्यतः ज्योतीत तयार होणाऱ्या स्ट्रॉन्शियम हायड्रॉक्साइडच्या रेणूंचे असतात. कॅल्शियम आणि बेरियमचेही तसेच आहे. पत्रकात सगळ्या रंगांचे एकच स्पष्टीकरण दिले आहे, की अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि खाली येताना प्रकाश देतो. सोडियम, लिथियम, पोटॅशियमपुरते ते बरोबर आहे, पण पुढच्या तीन धातूंसाठी अर्धवट आहे. मॅग्नेशियम रंग का देत नाही, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो आणि त्याचेही उत्तर पत्रकात नाही. त्याची मुख्य रेषा २८५ नॅनोमीटरवर, अतिनील भागात पडते. शिवाय एवढी ऊर्जा साध्या बर्नरच्या ज्योतीतून फारशी मिळत नाही.

ग्रेटिंगचा आणखी एक उपयोग मला आधी सुचला नव्हता. एका विद्यार्थ्याला तांबडा आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. ज्योत परीक्षेत तो शेजाऱ्याचे पाहून लिहीत असे आणि ते त्याने कधी बोलूनही दाखवले नव्हते. पट्टीवरचा आकडा वाचायला रंग कळावा लागत नाही. बेरियम आणि कॅल्शियमच्या जागा त्याने सर्वांत काळजीपूर्वक मोजल्या. माझ्या मते पूर्ण किमतीची भरपाई या एका गोष्टीने झाली.

सोडियमची पिवळी रेषा पाहताना कोकणातल्या मुलांकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, “सर, हेलियम विजयदुर्गावर सापडला ना?” विषय पिवळ्या रेषेचाच असल्याने उत्तर इथे देतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि लेफ्टनंट हर्शेल आपल्याजवळच्या जमखंडीला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविनाच सूर्यकडेचा वर्णपट पाहिला. सोडियमच्या शेजारची, पण सोडियमची नसलेली ५८७.६ नॅनोमीटरची रेषा पुढे हेलियमची ठरली. लॉकयर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. आमच्या ग्रेटिंगने ५८७.६ आणि ५८९ वेगळे दिसणे शक्य नाही; त्या दोन रेषा वेगळ्या आहेत हे ओळखायला केवढी नजर आणि केवढे उपकरण लागले असेल, याचा अंदाज मात्र या पट्टीमुळे येतो.

शेवटी वाट्या, आणि इथे माझा सूर बदलतो. जाहिरातीतले इंद्रधनुष्य या आठ वाट्यांचे आहे. पत्रकाच्या तिसऱ्या पानावर प्रत्येक वाटीत क्षार घेऊन त्यावर मिथेनॉल ओतून पेटवण्यास सांगितले आहे आणि ‘ज्योत मंद झाल्यास आणखी मिथेनॉल घालावे’ असे वाक्य आहे. हे वाक्य छापणाऱ्याने गुन्हा केला आहे असे मी जबाबदारीने म्हणतो. मिथेनॉलची वाफ साधारण ११-१२ अंश सेल्सियसलाच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही वर्गखोलीत, कोणत्याही ऋतूत. त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. विझली असे समजून बाटलीतून ओतले की वाफ पेटते आणि बाटलीच्या तोंडातून आगीचा लोट थेट समोरच्या बाकांवर जातो. अमेरिकेत नेमक्या याच प्रयोगात विद्यार्थी वारंवार भाजले आहेत. जानेवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील एका शाळेत दोन विद्यार्थी होरपळले, ऑक्टोबर २०१५ मध्ये व्हर्जिनियातील एका शाळेत तसेच घडले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीने २०१४ मध्येच उघड्या टेबलावरचा मिथेनॉलचा हा प्रयोग बंद करण्याची शिफारस केली. त्याला पर्याय म्हणून जी पद्धत सुचवली जाते ती हीच, द्रावणात भिजवलेल्या काड्यांची. संच बनवणाऱ्यांपर्यंत ही गोष्ट पोहोचलेली नाही किंवा इंद्रधनुष्याच्या छायाचित्राशिवाय खोका खपणार नाही असे त्यांना वाटत असावे. मी तिसरे पान फाडून टाकले आहे. वाट्या द्रावण ठेवायला वापरतो.

बेरियमच्या बाटलीवर इतर बाटल्यांसारखेच निळे लेबल आहे, धोक्याची खूण नाही, हीही गंभीर उणीव आहे. पाण्यात विरघळणारे बेरियमचे क्षार विषारी असतात. ते द्रावण विद्यार्थ्यांच्या हाती देताना हातमोजे द्यावेत, फवाऱ्याने ज्योतीवर उडवू नये, आणि उरलेल्या द्रावणात सोडियम सल्फेट घालून न विरघळणारे बेरियम सल्फेट करून मगच टाकावे. पोटाच्या क्ष-किरण तपासणीआधी रुग्णाला पाजतात ते हेच सल्फेट, विरघळत नाही म्हणून निरुपद्रवी. वर्गात हा फरक सांगितला की विरघळण्याचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. दिवाळीच्या आधी तास घेतला तर फटाक्यांतल्या हिरव्या रंगाचाही विषय निघतो. तो बेरियमचाच, आणि ऑक्टोबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली होती, हे बहुतेकांना ऐकूनच माहीत नसते.

ज्यांच्या प्रयोगशाळेत गॅसचे बर्नर नाहीत त्यांनी हा संच घेण्यापूर्वी विचार करावा. १८५५ च्या सुमारास बुन्सेन यांनी डेसागा या कारागिराकडून जो बर्नर बनवून घेतला, त्याचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे जवळजवळ रंगहीन ज्योत. ती नसती तर रंगांची ही परीक्षा इतकी भरवशाची झाली नसती. पाच वर्षांनी जर्मनीतल्या ड्युर्कहाइमच्या खनिज पाण्यात सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही नवी मूलद्रव्ये त्याच ज्योतीमुळे सापडली. स्पिरिटच्या दिव्यावर लिथियम आणि तांबे ठीक दिसतात, पोटॅशियम दिसत नाही आणि कॅल्शियम ओळखण्यात चूक होते. सिलिंडरवर चालणाऱ्या बर्नरची हवा पूर्ण उघडून, ज्योत निळी होऊन हलका आवाज करू लागेपर्यंत थांबावे. आमच्या सहांपैकी दोन बर्नरांच्या नळ्यांत कोळिष्टके निघाली, ती काढल्यावरच रंग खुलले.

पैशांचा हिशेब सांगायचा तर लिथियम आणि स्ट्रॉन्शियमच्या लहान बाटल्या आमच्या तालुक्यात सुट्या मिळत नाहीत आणि मोठ्या बाटल्या मागवल्या तर संचाच्या किमतीच्या वर जातात. त्यामुळे दहा-दहा ग्रॅमची विभागणी लहान महाविद्यालयाला सोयीची आहे. ज्यांच्याकडे हे क्षार आधीच आहेत त्यांनी फक्त ग्रेटिंग आणि खरी कोबाल्ट काच वेगळी घ्यावी; ग्रेटिंगही मिळाली नाही तर जुन्या सीडीचा तुकडा चालतो, तिच्या वर्तुळरेषांत १.६ मायक्रोमीटरचे अंतर असते, फक्त तो आरशासारखा वापरावा लागतो आणि पट्टीवर मोजणे अवघड जाते. पाचपैकी गुण द्यायचेच तर ग्रेटिंग आणि चार क्षारांसाठी मी अडीच देईन. तारांसाठी अर्धा कापला, काचेचा अर्धा त्यांनी काच बदलून दिल्यामुळे परत केला, आणि तिसऱ्या पानासाठी कापलेले दोन ते पान छापले जाते तोवर परत मिळणार नाहीत.

यंदाच्या जूनमध्ये आम्ही पूर्ण संच न मागवता फक्त क्षारांच्या बाटल्या मागवल्या. अशी सोय विक्रेत्याच्या पानावर अगदी तळाशी आहे. या वेळी पोटॅशियम क्लोराइडच्या बाटलीवर शुद्धतेचा दर्जा छापून आला. तरीही मामांनी तिच्या झाकणावर कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे आणि तिच्यावर निळ्या पेनाने लिहिले आहे : ‘आधी हात धुवा.’